अपूर्णांक पक्के होईपर्यंत बीजगणित थांबवायचं का?

पत्र थोडक्यात : जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. आजवर त्या मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवत होत्या. यंदा बदल्या झाल्या आणि सातवीचं गणित त्यांच्याकडे आलं. वर्गात एकतीस मुलं आहेत. त्यांनी घेतलेल्या चाचणीत एकवीस मुलांनी १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. दुसरीकडे पुस्तकातला बीजगणिताचा 'बैजिक राशी' हा धडा दारात येऊन उभा आहे. त्या विचारतात, "महिनाभर बीजगणित बाजूला ठेवून पाचवीपासूनचे अपूर्णांक पुन्हा घेऊ, की तिरकस गुणाकाराची (एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणायची) युक्ती देऊन पुढे जाऊ? मुख्याध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम वेळेत संपवा. पालकांना स्कॉलरशिपची परीक्षा दिसते आहे. माझं स्वतःचं गणित बेताचंच. मुलांचा पाया कच्चा आहे आणि तो माझ्या हातून आणखी ढासळेल अशी धास्ती वाटते. नवल म्हणजे २/५ लिहिणाऱ्यांतलाच एक मुलगा रोज सकाळी वडिलांबरोबर डेअरीला दूध घालतो आणि साडेतीन लिटरचे पैसे तोंडी सांगतो."

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी त्या डेअरीच्या मुलापाशी थांबले. तुम्ही त्याला पत्राच्या शेवटी, जाता जाता आणलंय. मला वाटतं, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. त्याच्याकडे आपण परत येऊ.

आधी तुमच्या एकवीस मुलांचं २/५ पाहू. तुम्ही त्याला 'पाया कच्चा' म्हणता. नोकरीची पहिली आठ-दहा वर्षं मीही तेच म्हणत होते. अशा उत्तरावर लाल काट मारायची, खाली लसावि काढून दाखवायचा, पाच उदाहरणं सोडवून घ्यायची. त्या तासाला मुलं बरोबर करत आणि दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा २/५ लिहीत. एकदा कंटाळून एका मुलीला विचारलं, "तुला असं का वाटलं, ते सांग." ती म्हणाली, "बाई, सोमवारच्या टेस्टला दोनपैकी एक बरोबर आलं, मंगळवारी तीनपैकी एक. मग पाचपैकी दोन नाही का?"

तिचं म्हणणं खरं होतं. पाच प्रश्नांपैकी दोन बरोबर आले होते. ती मोजण्यात चुकलेली नव्हती, ती वेगळीच गोष्ट मोजत होती. तिने दोन निरनिराळे गट एकत्र ओतले आणि त्यामुळे 'पूर्ण' कशाला म्हणायचं तेच बदललं. आपण अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा भाकरी एकत्र करतो तेव्हा भाकरीचा आकार तोच राहतो. हा फरक तिला कोणी सांगितलाच नव्हता. मीही नाही. त्या दिवसापासून अपूर्णांक आला की मी पहिला प्रश्न एकच विचारत आले : "कशाचा?" अर्धा, पण कशाचा? पाऊण, पण कशाचा? तुम्ही उद्यापासून एवढं जरी केलंत, तरी वर्गातलं बोलणं बदलेल.

आणि ही अडचण तुमच्या शाळेपुरती आहे असं मनात आणू नका. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : १२/१३ + ७/८ याचं उत्तर साधारण कशाच्या जवळ येईल? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, त्यामुळे उत्तर दोनच्या जवळ. ते फक्त २४ टक्के मुलांना आलं. १९ आणि २१ निवडणारी मुलं प्रत्येकी त्याहून जास्त होती. १२ आणि ७ मिळून १९, १३ आणि ८ मिळून २१. त्या मुलांना समोर चार सुट्या संख्या दिसत होत्या. १२/१३ ही एकच संख्या आहे आणि तिला मोजपट्टीवर स्वतःची जागा आहे, हे मनात उतरलेलंच नव्हतं.

ती जागा दाखवायची. त्याला महिना लागत नाही, रद्दी लागते. जुन्या वर्तमानपत्राच्या किंवा पताकांच्या कागदाच्या २४ सेंटिमीटर लांब आणि दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, प्रत्येक मुलाला सात-आठ. चोवीस का, तर त्याचे दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा असे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. एक पट्टी अखंड ठेवायची, बाकीच्या दुमडून किंवा मोजून भाग करायचे आणि प्रत्येक भागावर त्याचं नाव लिहायचं. मग अर्ध्याला तिसरा हिस्सा जोडून ठेवायला सांगा. बारा आणि आठ मिळून वीस सेंटिमीटर. आता विचारा, "आपल्याकडच्या कोणत्या एकाच मापाने हे सगळं बरोबर भरेल?" मुलं चौथ्या हिश्शाने भरून पाहतील, तो कमी-जास्त होईल. सहावा हिस्सा लावतील, तो पाच वेळा नेमका बसेल. ५/६. समान छेद म्हणजे दोन्ही तुकडे मोजता येतील असं एक माप, हे त्यांनी हाताने केलं. लसावि हा शब्द यानंतर आला की त्याला बसायला जागा असते.

आणि २/५? ते पुसू नका, तेही मोजायला लावा. चोवीसचे पाच भाग केले की एक भाग ४.८ सेंटिमीटरचा, दोन भाग ९.६ चे. अर्धी पट्टी बाराची. "अर्ध्यात काहीतरी मिळवलं, तर उत्तर अर्ध्याहून लहान कसं झालं?" हा प्रश्न वर्गात पडला की थोडा वेळ गप्प राहा. त्या शांततेत मुलं विचार करतात, आणि आपल्याला मात्र बोलायची घाई असते.

पाच सारखे भाग करायचे कसे, हे मुलं विचारतीलच. फुलस्केप वहीच्या आखीव पानावर पट्टी तिरकी ठेवा, अशी की तिचं एक टोक एका ओळीवर आणि दुसरं टोक बरोबर पंचवीस घरं सोडून पुढच्या ओळीवर येईल. दर पाच घरांवर खूण केली की पाच समान भाग तयार. हे का जमतं याचं कारण पुढे भूमितीत येतं. आत्ता हातांना जमलं तरी पुष्कळ.

पट्ट्यांबरोबर वाटणीही घ्या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी अपूर्णांकाचे वाटणी आणि मोजणी हे दोन अर्थ जोडीने शिकवण्यावर काम केलं आहे, आणि माझाही अनुभव त्याला धरून आहे. तीन भाकरी चार जणांत वाटायच्या आहेत. दुसऱ्या पंगतीत दोन भाकरी तीन जणांत. तू कुठे बसशील? ज्या मुलाला ३/४ मोठा की २/३ मोठा हे सांगता येत नाही, तो इथे वाद घालायला उभा राहतो. तीन भाकरी चार जणांत वाटल्या की वाट्याला ३/४ येते, म्हणजे अपूर्णांकाची आडवी रेघ ही भागाकाराचीच खूण आहे. हे सातवीत उमगणं फार गरजेचं आहे, कारण बीजगणितात भागाकार त्या रेघेनेच लिहिला जातो.

आता तुमची जमेची बाजू, जी तुम्ही पत्रात उणी म्हणून मांडली आहे. तुम्ही भाषेच्या शिक्षिका आहात. मराठीत अपूर्णांकांसाठी जेवढे रोजचे शब्द आहेत तेवढे आपण गणिताच्या तासाला वापरतच नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेचार. आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच म्हणत. औट म्हणजे साडेतीन. ते सगळे पाठ करून घ्या असं मी म्हणणार नाही, सातवीच्या मुलावर आणखी एक ओझं नको. पण डेअरीचा मुलगा साडेतीन लिटरचे पैसे सांगतो तेव्हा नकळत औटकीच म्हणत असतो. बत्तीस रुपये लिटर असेल तर तिनाचे शहाण्णव, अर्ध्याचे सोळा, एकशे बारा. त्याला कळतं, पण त्याला जे कळतं ते आणि वहीतलं ३ १/२ हे एकच आहे, ही ओळख कोणी करून दिलेली नाही. त्याच्यापुरता प्रश्न तेवढाच आहे.

ती ओळख व्हायला वर्गात एक दोरी बांधा. एका टोकाला ०, मध्ये १, पलीकडे २. मुलांना कार्डं द्या : 'पाऊण', ३/४, ०.७५, 'पंच्याहत्तर पैसे', ६/८. कपड्यांच्या चिमट्यांनी ती दोरीवर लावायची. पाच कार्डं एकाच जागी एकावर एक यायला लागली की एखादं मूल हमखास म्हणतं, "मॅडम, हे सगळं एकच आहे!" मग 'पावणेदोन' द्या. पुष्कळ मुलं ते पाऊणच्या आसपास किंवा दोनच्या पुढे लावतील. लावू द्या. घड्याळात पावणेदोन वाजले म्हणजे किती वाजायला किती कमी, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

आणि इथेच, ताई, बीजगणित सुरू होतं. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. पावणेसात? पावणेबारा? मुलं हसत सांगतील. मग विचारा, "मी मनात एक संख्या धरली आहे, ती कोणती ते सांगणार नाही. 'पावणे-ती-संख्या' कशी लिहाल?" क्ष वजा १/४. 'सव्वा' म्हणजे क्ष अधिक १/४, 'साडे' म्हणजे क्ष अधिक १/२. (पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, मी इथे क्ष लिहिते आहे.) तुमच्या मुलांच्या घरी बैजिक राशी रोज बोलल्या जातात. चुणचुणीत मुलांसाठी याच्या पुढचा प्रश्नही आहे : सव्वादोन म्हणजे दोन आणि वर पाव, मग सव्वाशे म्हणजे शंभर आणि वर पाव का नाही, एकशे पंचवीस का? कारण तिथे शंभर हीच एक पट्टी धरली आहे, आणि पाव त्या शंभराचा आहे. पुन्हा तोच प्रश्न, कशाचा?

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : बीजगणित थांबवू नका. अपूर्णांक पुरे झाल्याशिवाय बीजगणिताला हात लावायचा नाही, हे पायरीचं गणित वरून पटतं. पण त्याने दुबळी मुलं वर्षानुवर्षं पाचवीतच बसून राहतात, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पुन्हा तेच केक-पिझ्झ्याचे गोल रंगवायला दिले की त्याला जो अपमान वाटतो तो आपल्याला दिसत नाही. शिवाय सातवीच्या पुस्तकात अपूर्णांक तुम्हाला सोडणारच नाहीत. समप्रमाण आहे, सरळव्याज आहे, सगळीकडे ते येतातच. त्यांना तिथे तिथे गाठता येईल.

युक्तीचा रस्ताही मी घेणार नाही. तिरकस गुणाकार चूक नाही, मला त्याचा राग नाही. पण मूल बेरजेला तिरकस करतं, लहान-मोठं ठरवायला तिरकस करतं, प्रमाणाच्या गणितात तिरकस करतं, आणि मग २/३ × ४/५ दिसलं तरी तिरकस करून १०/१२ लिहितं. फुलीची खूण तेवढी लक्षात राहते, ती कधी वापरायची ते राहत नाही. ज्या मुलाने पट्ट्यांवर बेरजा केल्या आहेत आणि ज्याला उत्तर साधारण कुठे पडेल ते आधी सांगता येतं, त्याला ही युक्ती खुशाल द्या. त्याच्या हाती ती हत्यार होईल. बाकीच्यांना तूर्त नको.

भागाकाराचंही तसंच. 'उलटा करून गुणा' हे मुलं मंत्रासारखं म्हणतात. एकदा त्यांना एक अखंड पट्टी आणि २/३ ची पट्टी द्या. एका पट्टीत ही दोन-तृतीयांशाची पट्टी किती वेळा मावते? एकदा मावते, वर एक तृतीयांश उरतो. मुलं म्हणतील, "एक आणि एक तृतीयांश वेळा." इथे रेंगाळा, अख्खा तास गेला तरी चालेल. उरलेला तुकडा अखंड पट्टीचा तिसरा हिस्सा आहे खरा, पण आपण ज्याने मोजतो आहोत त्या मापाचा तो किती आहे? निम्मा. म्हणून दीड वेळा, म्हणजेच ३/२. उलटा झालेला अपूर्णांक डोळ्यांसमोर आला. मोठ्या माणसांनाही इथे क्षणभर थांबावं लागतं. ही जागा खरोखरच अवघड आहे, मुलांच्या बुद्धीचा दोष नाही.

बीजगणिताकडे जाताना आणखी एक गाठ सोडवावी लागेल, आणि ती पुन्हा भाषेची आहे. आपण '३ अधिक ४ बरोबर ७' म्हणतो. मराठीत 'बरोबर' म्हणजे सारखं, आणि 'बरोबर' म्हणजे अचूकही. पहिलीपासून मूल = ही खूण पाहतं आणि समजतं की आता उत्तर लिहायचं. तुमच्या वर्गाला फळ्यावर ८ + ४ = □ + ५ द्या. अनेक वह्यांत १२ येईल, काहींत १७. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सहावीच्या १४५ मुलांपैकी एकालाही ७ हे उत्तर आलं नव्हतं. ज्याच्या मनात = म्हणजे 'काढा' असा हुकूम आहे, त्याला २क्ष + ३ = क्ष + ८ कसं समजणार? त्यात काढायचं असं काही दिसतच नाही. म्हणून काही दिवस 'बरोबर' न म्हणता 'इकडे जेवढं तेवढंच तिकडे' म्हणा. वाण्याच्या दुकानातली तागडी मुलांनी पाहिली नसेल तर हँगर, दोन दोऱ्या आणि दोन सारखे डबे घेऊन एक करा. '१२ = ७ + ५' असं उलटंही लिहा. '६ + ३ = ५ + ४' खरं की खोटं, असे दोन-तीन प्रश्न रोज तोंडी विचारा.

यामुळे पुढची एक चूक आपोआप टळते. आपण शिकवतो, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं." मूल ते ऐकतं आणि ३क्ष = १२ वरून क्ष = १२ – ३ लिहून मोकळं होतं. तागडी मनात असेल तर ते म्हणेल, तीन सारख्या पिशव्यांचं वजन बारा, तर एका पिशवीचं चार.

अक्षरांबद्दल मात्र मला तुम्हाला सावध करायचंय, कारण ही चूक मी कित्येक वर्षं प्रेमाने केली. 'अ म्हणजे आंबा, क म्हणजे केळं. तीन आंबे आणि दोन केळी मिळवता येतात का? नाही. म्हणून ३अ + २क तसंच राहतं.' मुलांना पटकन पटायचं. पण अशाने मुलाच्या मनात अक्षर म्हणजे वस्तू बसते. मग ३अ × २क म्हणजे काय, आंब्यांना केळ्यांनी गुणायचं? अक्षर नेहमी संख्येसाठी असतं. अ म्हणजे एका आंब्याची किंमत. आंबा वीस रुपयांना आणि केळं पाचला असेल तर ३अ + २क म्हणजे सत्तर रुपये. उद्या भाव बदलला की उत्तर बदलेल, राशी तीच राहील. तुमच्या मुलांना हे विचारून पाहा : वर्गात मुली मुलग्यांच्या दुप्पट आहेत, मुलींची संख्या प आणि मुलग्यांची त, तर कसं लिहाल? पुष्कळ जण २प = त लिहितील. चुकलात असं म्हणू नका, प ला वीस धरून बघायला सांगा. चाळीस मुलगे? मूल स्वतःच खोडून प = २त करेल. अक्षराच्या जागी संख्या ठेवून पाहण्याची ही सवय लागली, तर वर्षाचं निम्मं काम झालं.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हटलं, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. एकाहून जास्त अज्ञातं आली की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं, आणि लिहिताना त्यांची आद्याक्षरं. मुलांना हे जरूर सांगा. 'जेवढं असेल तेवढं' हा अर्थ त्यांना आपल्या 'क्ष माना' पेक्षा लवकर कळतो. आणि भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, हेही सांगा. हा विषय आपल्या मातीतलाही आहे, हे ऐकताना मुलं जरा ताठ बसतात.

आता वेळेचं. महिना नको, पण रोज तासाची पहिली बारा-पंधरा मिनिटं दोरी, पट्टी किंवा तोंडी प्रश्न, आणि उरलेला वेळ चालू धडा. उत्तर काढण्याआधी ते अंदाजे कुठे येईल हे म्हणून घ्यायचं, रोज, न चुकता. ज्या मुलांना पाढे येत नाहीत त्यांना पाढ्यांचा तक्ता भिंतीवर बघू द्या. पाढ्यासाठी अडलेलं मूल अपूर्णांकापर्यंत पोचतच नाही, आणि बघत-बघत पाढेही बरेच पाठ होतात. ज्यांना सगळं येतं आणि जी चुळबुळ करतात, त्यांना उदाहरणं सोडवायला नका देऊ, बनवायला द्या : ज्याचं उत्तर पाऊण येईल असा भागाकार बनव, ज्याचं उत्तर अडीच येईल असं समीकरण बनव. स्कॉलरशिपची तयारी यानेही होते, आणि चांगली होते.

मुख्याध्यापकांकडे 'मला वेळ हवा' म्हणून जाऊ नका. आज वर्गाकडून पाच प्रश्न सोडवून घ्या : चौकटीचा तो प्रश्न, १/४ मोठा की १/८, १२/१३ + ७/८ चा अंदाज, १/२ + १/३, आणि दीड अंकात लिहिणं. कागद जपून ठेवा. सहा आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा द्या आणि दोन्ही गठ्ठे त्यांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. त्यांनाही वरच्या अधिकाऱ्यांना काही दाखवायचं असतं, ते तुम्ही त्यांच्या हाती द्या. शिवाय तुमचा धडा थांबलेला नसेल, त्यामुळे वादाला कारणही उरणार नाही.

हे वाचणाऱ्या आईबाबांनाही एक विनंती. घरी पायऱ्या शिकवू नका, त्या शाळेतल्याशी जुळल्या नाहीत तर मूल दोन दगडांवर उभं राहतं. त्याऐवजी शब्द वापरा. पाऊण वाटी तांदूळ काढायला सांगा, सव्वा किलोचे पैसे विचारा, शेतीच्या बोलण्यात एकराचे चाळीस गुंठे येतात तेव्हा पाऊण एकर म्हणजे किती गुंठे ते विचारा. आजी-आजोबांना 'चार आणे वाटा' म्हणजे काय ते सांगू द्या. सोळा आण्यांतले चार, एक चतुर्थांश. मुलाचं उत्तर चुकलं तरी लगेच बरोबर उत्तर सांगू नका, कसं काढलं ते विचारा.

तुमच्या स्वतःच्या भीतीबद्दल. बेताचं गणित असलेली शिक्षिका मुलांचं नुकसान करते, हे मला मान्य नाही. ज्यांना सगळं झटकन येतं त्यांना पुष्कळदा मूल कुठे अडलं ते दिसत नाही. तुम्हाला दिसतं, म्हणून तर तुम्ही एकवीस वह्या मोजल्यात. नुकसान होतं ते आपल्याला न कळलेलं घाईने रेटून नेल्यावर. एखाद्या प्रश्नाला वर्गात उत्तर सुचलं नाही तर "मलाही विचार करू दे, उद्या बघू" म्हणा, आणि उद्या खरंच बघा. प्रत्येक धडा शिकवण्याआधी त्यातली सगळी उदाहरणं रात्री स्वतः सोडवा, आणि आपण कुठे थबकलो तिथे पेन्सिलने टिंब करा. मुलंही बहुधा तिथेच थबकतात.

सोमवारी मुलांना हे गणित द्या. एक कुटुंब एसटीने निघालं. वडील, आई आणि आठ वर्षांची मुलगी. वडिलांचं फुल तिकीट, आईचं हाफ (२०२३ पासून एसटीत बायकांना हाफ आहे), मुलीचं हाफ. एकूण १८० रुपये झाले, तर फुल तिकीट किती? रक्कम मी सोपी धरली आहे. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबाही आले. पंच्याहत्तरच्या पुढे एसटीचं तिकीट लागत नाही, तर हिशेबात काय बदललं? मग आत्या आली, तिचंही हाफ, आता २२५ झाले. फळ्यावर काहीही लिहू नका. डेअरीच्या मुलाला पुढे बोलवा. बहुधा तो म्हणेल, "दोन हाफचं एक फुल, म्हणजे दोन फुलचे एकशे ऐंशी, एकाचे नव्वद." आत्या आल्यावर म्हणेल, "अडीच फुल." तो बोलेल तसं त्याच्याच शब्दांत एकाखाली एक लिहून घ्या. ते सगळं लिहून झालं, की 'फुल' हा शब्द पुसा आणि त्या जागी क्ष लिहा.